मद्य आणि आपले हृदय

“मद्य अल्प प्रमाणात घेतल्यास हृदयास हितकर असते,” असे मत सुशिक्षित मंडळींच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतो. गुत्त्यावर मजूर पितो ती दारू निंद्य, आणि आपल्या कपाटातील उंची बाटली मात्र औषधासमान, असा समज या मताच्या पोटी दडलेला असतो. परंतु हा भेद हृदयास ठाऊक नाही.

दारू देशी असो वा विलायती, तिच्यातील मादक द्रव्य एकच, ते म्हणजे मद्यार्क. त्याचे मुख्यतः यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड नामक पदार्थात रूपांतर होते. हा पदार्थ मद्यार्काहूनही विषारी. शरीर त्याचा निचरा करू पाहते. तथापि पिणे अधिक झाले म्हणजे तो रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचतो. हृदयाच्या पेशींत शक्ती उत्पन्न करणारे मायटोकाँड्रिया नामक सूक्ष्म घटक असतात. मद्यार्क व हे विष मिळून त्यांस इजा करितात, आणि आकुंचनास अवश्य अशा कॅल्शियमची ने-आणही बिघडवितात. पुष्कळ वर्षे असे चालले म्हणजे हृदय फुगते व दुर्बल होते.

बियर सौम्य म्हणून निर्धोक म्हणावी, तर जर्मनीतील म्यूनिक शहरी ओटो बोलिंगर यांनी १८८४ सालीच अतोनात बियर पिणाऱ्यांची हृदये वाढलेली असल्याचे नमूद केले आहे. “आम्ही केवळ सणासुदीस घेतो,” म्हणावे, तर सुटीच्या दिवसांत भरमसाट पिणाऱ्यांच्या हृदयाची लय बिघडते, हे अमेरिकेतील फिलिप एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखविले.

मग ‘हितकर’ हे मत आले कोठून? जुन्या अनेक पाहण्यांत, आजारपणामुळे मद्य सोडलेल्यांची गणना न पिणाऱ्यांत झाली. त्यामुळे थोडे पिणारे अधिक निरोगी भासले. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली, मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही, असे स्पष्ट केले.

त्वचा खरचटली तर नवी येते. हृदयाच्या पेशी मात्र ऐन तारुण्यातही वर्षास शेकडा सुमारे १ इतक्याच नव्या होतात. तरी निराशेचे कारण नाही. मद्य वेळीच सोडल्याने पुष्कळ रोग्यांचे हृदय बऱ्याच अंशी सुधारते.

पालकहो, मुले आपल्या उपदेशापेक्षा आपल्या कपाटाकडे अधिक पाहतात. विद्यार्थीमित्रहो, पहिला पेला नाकारण्यास फारसे धैर्य लागत नाही. दहावा नाकारण्यास मात्र पुष्कळ लागते. म्हणून पहिलाच नाकारावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.