काळ्या चंद्रकळेची परवानगी

संक्रांत जवळ आली की तासगावच्या बाजारपेठेत साड्यांच्या दुकानांची दर्शनी बाजू काळी होते. वर्षभर 'काळे नको' म्हणणारी घरे त्या आठवड्यात काळेच मागतात आणि गिऱ्हाईक कोणत्याही बांध्याचे असो, आश्वासन एकच मिळते : काळ्यात बाई बारीक दिसते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या हेच अधिक शास्त्रीय थाटात सांगतात. उंच बांध्याला रुंद काठ, ठेंगण्या बांध्याला अरुंद, स्थूल बांध्याला अंगासरशी बसणारे कापड. या सल्ल्याविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती केवळ अभिरुचीची नाही.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी या सल्ल्यातील क्रियापदे वेगळी काढून पाहावीत. झाकणे, लपवणे, भासवणे, खुलवणे. प्रत्येक वाक्यात कर्ता आहे कापड आणि कर्म आहे स्त्रीचे शरीर; तेही आधीच सदोष ठरवलेले. नेसणारी स्वतः या वाक्यरचनेत कर्ता म्हणून कोठेही येत नाही.

शिवाय हा सल्ला मुळात शिवलेल्या कपड्याचा आहे. १९२६ साली 'व्होग' मासिकाने कोको शनेल यांच्या साध्या काळ्या पोशाखाला फोर्ड मोटारीची उपमा दिली. सर्वांनी, सर्व प्रसंगी वापरावा असा तो पोशाख, हा तिचा आशय. पती अल्बर्टच्या १८६१ मधील मृत्यूनंतर व्हिक्टोरिया राणीने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळे वस्त्र सोडले नव्हते. स्त्रीच्या काळ्या पोशाखावरील शोकाची ती छाया दूर करून त्याला दैनंदिन जीवनात आणणे, हे तेथे धाडसच होते.

आपल्याकडे हिशेब निराळा. जुन्या ब्राह्मण घरांत विधवेच्या वाट्याला आले ते तांबडे आलवण. काळी चंद्रकळा सवाशिणीची, संक्रांतीच्या सणाची. काळ्या अंगाची आणि तांबड्या टोपपदराची इरकल कृष्णाकाठच्या बायकांना परकी नाही. काळे मणी तर प्रत्येक मंगळसूत्रात आहेत. मग लग्नमंडपात काळी साडी अशुभ कशी ठरते? दोष रंगात नाही. प्रश्न तो कोणी आणि केव्हा वापरायचा, या परवानगीचा आहे.

कोणी म्हणेल, थंडीत काळे वस्त्र ऊब देते, यामागे विज्ञान आहे. काळा रंग उन्हातील उष्णता अधिक शोषतो, हे खरेच. परंतु थंडी संक्रांतीच्या एका दिवसापुरती नसते. आणि ती विधवेलाही वाजते. रूढीचे समर्थन करण्यासाठी मागाहून आणलेले विज्ञान नेमके या दोन प्रश्नांपाशी गप्प होते. पुरवणीतील सल्लागार आणि रूढीचा राखणदार आम्हाला म्हणूनच एकाच घरचे वाटतात. एक विचारतो, तुझा बांधा कोणता? दुसरा विचारतो, तुझा नवरा आहे ना? तुला काय हवे, हे दोघेही विचारत नाहीत.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड येथे मे २०२२ मध्ये ग्रामसभेने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद व्हावे, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. परंतु संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे आणि वाण कोणाच्या ओटीत पडायचे, हे अखेर घराच्या उंबऱ्यावरच ठरते. तेथे परिपत्रक पोहोचत नाही. काळी साडी नेसून आलेली शेजारीण मात्र पोहोचू शकते.

निवडीचा सल्ला द्यायचाच असेल तर आम्ही एवढाच देऊ. साडीला माप नसते. कमरेप्रमाणे निऱ्या कमीअधिक होतात, म्हणून बांध्याची चर्चा बाजूस ठेवावी. कापड हातात घेऊन त्याचे वजन पाहावे. ते नेसून एसटीच्या पायऱ्या चढता येतील का, तासभर फळ्यासमोर उभे राहता येईल का, हे पाहावे. साधी काळी सुती साडी वर्गात चालते, सभेत चालते आणि रेशमी पोलक्यावर लग्नातही शोभते. ती संक्रांतीनंतर कपाटाच्या तळाशी ठेवू नये. आणि घरात कोणी विधवा काकू किंवा मावशी असेल, तर पुढच्या संक्रांतीला दुकानात तिलाही सोबत न्यावे व तिची साडी तिलाच निवडू द्यावी.