ऑक्टेन म्हणजे टॉनिक नव्हे!

पंपावर गाडी लावली की विचारणा होते, ‘भाऊ, साधं की प्रीमियम?’ मागे बसलेला दोस्त कोपर मारतो, ‘प्रीमियम टाक बे, गाडी मक्खन चालते!’ आणि तुम्ही ‘प्रीमियम’ म्हणून मोकळे होता. नागभीडहून ब्रह्मपुरीला रोज बाइकनं कॉलेजला जाणाऱ्यांनो, आज या एका शब्दाचा हिशेब मांडू या.

ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचं माप नाहीच. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते. ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकलं, तर इंजिनातून टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. हे भडकणं पेट्रोल किती रोखतं, तो आकडा म्हणजे ऑक्टेन. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकी सहनशक्ती. बस, एवढंच!

टर्बोच्या किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ती सहनशक्ती जास्त लागते. तुमची १००-१२५ सीसीची बाइक किंवा बाबांची साधी कार त्यात बसत नाही. तिला ९५ किंवा १०० ऑक्टेन पाजणं म्हणजे ताप नसताना तापाची गोळी घेणं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ते महागड्या, दमदार गाड्यांसाठी होतं, आपल्या बाइकसाठी नव्हे.

आता गंमत ऐका. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त असतं. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजता, ते बरंचसं साध्या नळीतूनही येतंय. ‘पण मायलेज घटलं त्याचं काय?’ तक्रार रास्त आहे. जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० मुळे ३-४ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. पण हे इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे घडतं. ऑक्टेन वाढवून ती ऊर्जा परत येत नाही. प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं असतात, हे मान्य. पण वेळेवर ऑइल बदलणं आणि एअर फिल्टर साफ करणं त्यानं टळत नाही.

आता खिशाचं बोलू. जाणं-येणं मिळून ४०-४५ किलोमीटर, महिन्याला साधारण २० लिटर. फरक लिटरमागे ७ रुपये धरा. महिन्याचे १४०, वर्षाचे १,६८० रुपये! धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. एवढ्यात आयएसआय मार्कचं हेल्मेट येतं. तळोधी-सिंदेवाहीकडून घोडाझरीच्या जंगलातून संध्याकाळी परतणाऱ्याला चांगला टायर, लागणारे ब्रेक आणि नीट हेडलाइट हवा. तिथं गाडी बंद पडली तर ऑक्टेनचा आकडा कामाला येत नाही.

मग करायचं काय? गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात किमान ऑक्टेन आणि ई-२० चालतं की नाही, दोन्ही लिहिलेलं असतं. ९५ मागितलं असेल तर ९५ टाका, तिथं कंजुषी नको. टकटक येत असेल तर आधी टॉप गिअरमध्ये चढ चढणं सोडा, गिअर खाली घ्या. तरी आवाज थांबला नाही तर मेकॅनिककडे जा. रोवणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकीचं झाकण घट्ट लावा, कारण इथेनॉल पाणी ओढतं. बाटलीतलं पेट्रोल टाळा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

पुढच्या वेळी दोस्तानं कोपर मारला, तर हसून म्हणा, ‘साधंच टाका, भाऊ. उरलेल्या पैशांत हवा चेक करतो, ब्रेक शू बदलतो.’