मीटर स्मार्ट झाले, आकडे मात्र कुलुपात!

"उद्योग आणि संशोधन यांनी हातात हात घालून चाललं पाहिजे," हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतो आहे. शाल-श्रीफळाच्या सभेत ते हमखास येतं. टाळ्या पडतात, चहा होतो आणि जो तो आपापल्या घरी जातो! विजेच्या बाबतीत तर हे दोघे एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत, आणि बिल मात्र तुम्ही-आम्ही भरायचं.

ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरची कंत्राटं दिली. रक्कम जवळजवळ २७ हजार कोटी रुपये. म्हणजे एका मीटरमागे साधारण १२ हजार. आमचं बदलापूर ज्या कल्याण परिमंडळात येतं, ते अदानी समूहाच्या वाट्याला आलं. लोकांनी ओरड केली, तेव्हा जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारने जाहीर केलं. मग तेच मीटर 'टीओडी' या नावाने, आधी वापर मग बिल या पद्धतीने बसू लागले. आधी कंत्राट, मग विचार. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मी मीटरच्या विरोधात नाही. माझा प्रश्न साधा आहे. या मीटरचा फायदा कोणाला, हे कोणी मोजलं का?

जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दिवसा सौर वीज भरपूर असते, तेव्हा कल्पना चांगलीच आहे. पण आमच्या खरवईत सकाळी सातला उभे राहून बघा. निम्मी वस्ती लोकल पकडायला स्टेशनकडे निघालेली असते. नवरा-बायको दोघे नोकरीला, घराला कुलूप. परत येणार रात्री आठ-नऊला, आणि पंखे, दिवे, टीव्ही सगळं तेव्हाच सुरू होणार. ज्या वेळी सवलत, त्या वेळी घरात माणूस नाही! मग अशा गावाला या सवलतीचा किती लाभ होतो? हे मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवतात. उत्तर त्यांच्या पोटात आहे, फक्त ते बाहेर येत नाही.

अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे नाहीत, असंही नाही. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या अभ्यासकांनी १९९५ साली एन्रॉनच्या दाभोळ कराराची आकडेमोड लोकांपुढे मांडली होती. ही वीज महाग पडणार, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकलं कोणी? २००१ साली प्रकल्प बंद पडला. पुढे याच संस्थेने घराघरांत छोटी यंत्रं लावून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला आणि ते आकडे सर्वांसाठी खुले केले.

उद्योगवाल्यांशी जमतच नाही, हेही खरं नाही. २००६ साली पुण्यात भारनियमनाने जीव मेटाकुटीला आला होता. तेव्हा सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेने सुचवलं, की कारखान्यांनी गरजेच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवावेत, वाचलेली वीज शहराला द्यावी आणि जादा खर्च ग्राहकांकडून थोडा आकार घेऊन भागवावा. नियामक आयोगाने ती योजना मंजूर केली. तिच्यावर टीकाही झाली. पण कागद टेबलावर होते, म्हणून तर टीका करता आली!

आता हे करता येईल. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमानुसार, मीटर जास्त रीडिंग दाखवतो अशी तक्रार आली की पाच दिवसांत दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने ताडून पाहायचं आहे. हा तर आयता प्रयोग आहे! त्या जोडमीटरांचे निकाल शहरवार छापा आणि ते तपासायला जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजला द्या. खर्च कंपनीने करावा, निष्कर्ष मात्र येईल तसा छापावा. आज मीटर बसवणारे तेच, आणि "मीटर बरोबर आहे" म्हणणारेही तेच. मुलाने स्वतःचा पेपर स्वतःच तपासलेला आपण शाळेत चालवून घेऊ का?

दुसरं, एकेका डीपीवरच्या घरांचा मिळून अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर किती, हे विद्यापीठांना द्या. "ग्राहकाची खाजगी माहिती" हे कारण सांगू नका. नाव नको, घर नंबर नको, फक्त बेरीज द्या. आमच्यासारख्या गावाला सवलत दुपारी हवी की आणखी कधी, आणि ती परवडते का, ते त्यातून कळेल.

मीटरचे पैसे शेवटी आपल्याच बिलातून जाणार आहेत. मग त्याने टिपलेले आकडे एकट्या कंपनीचे कसे? पुढच्या वेळी वीजदराची जाहीर सुनावणी लागेल, तेव्हा एवढा एक प्रश्न तरी लेखी पाठवा. पोस्टकार्डावर मावेल एवढाच आहे.