टनांच्या रकान्यात न दिसणारे

घरोघरचा सुका कचरा वेगळा घेतल्याने पर्यावरणाचा खरोखर फायदा होतो का, या प्रश्नाला आपल्या क्षेत्रात अजूनही टनांच्या आकड्याने उत्तर दिले जाते. किती माल गोळा झाला, हे त्यातून कळते; त्यातल्या किती मालाने नव्या कच्च्या मालाची जागा घेतली, हे कळत नाही, आणि फायदा तर तिथेच आहे. भंगारातून ॲल्युमिनियम मिळवायला खनिजापासून मिळवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. काच वितळवण्यात इतकी बचत होत नाही. वेफर्सची अनेक थरांची पाकिटे तर पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत जातात. त्याने थोडा कोळसा वाचेल, पण त्याला पुनर्चक्रीकरण म्हणता येत नाही. या सगळ्यांचे वजन एकाच रकान्यात भरणारा अहवाल पर्यावरणाविषयी फारसे काही सांगत नाही.

वेगळ्या गाडीचे डिझेल हा फायदा खाऊन टाकते, असा आक्षेप घेतला जातो. न दाबलेले, हलके प्लास्टिक लांबवर वाहून नेले तर तो खरा ठरू शकतो; धातू आणि कोरड्या पुठ्ठ्याच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. शिवाय हा हिशेब ओल्या कचऱ्याला विसरतो. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा वाटा त्याचाच असतो आणि डेपोत हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो. हा वायू साचलेल्या डेपोत लागलेली आग किती दिवस धुमसते, हे मुंबईतल्या देवनार डेपोने जानेवारी २०१६मध्ये दाखवले. सुका कचरा वेगळा निघाला तरच ओल्याचे नीट खत होते, आणि आमटीत भिजला नाही तरच पुठ्ठा कागद गिरणी घेते. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण सक्तीचे केले, ते म्हणूनच योग्य होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रद्दी, बाटल्या, पत्रा भंगारवाल्याकडे पूर्वीपासूनच जात होते. मग वेगळ्या संकलनाच्या योजनेने नवे काय साधले? कंत्राटदाराच्या गाडीने कचरावेचकांच्याच हातचा माल उचलला असेल, तर काहीच नाही, उलट एका कष्टकऱ्याची रोजी गेली. पुण्यात १९९३पासून संघटित झालेल्या कचरावेचकांनी पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत घरोघरी संकलन हाती घेतले. सुका माल त्या स्वतः विकतात. म्हणून कोणत्या पिशवीला गिऱ्हाईक आहे आणि कोणती पुन्हा कचऱ्यातच जाणार, हे त्यांना तराजूवरच कळते. आपल्या मासिक अहवालांतही हेच उतरायला हवे: कारखान्याने विकत घेतलेला माल, जाळलेला माल आणि वर्गीकरण शेडमधून डेपोत परत गेलेला माल, तिन्हींचे वजन वेगवेगळ्या रकान्यांत.