मूलद्रव्ये आली कोठून? आणि ते वाचायचे कोठे?



नववी-दहावीची मुले हल्ली विचारतात, "सर, लोखंड ताऱ्यांत तयार झाले म्हणतात, ते कसे?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर दोन-चार ओळींत आटोपते, गाइडमध्ये तेवढेही नसते. तक्त्यांवर मात्र 'आपण सारे ताऱ्यांच्या धुळीचे' असे छापलेले असते. हे वाक्य मला अपुरे वाटते. आपल्या शरीरातल्या पाण्यात जो हायड्रोजन आहे तो ताऱ्यांत बनलेला नाही, तो विश्वाच्या आरंभीचा आहे. कार्बन, ऑक्सिजन, रक्तातले लोह हे मात्र ताऱ्यांचे देणे.

हे कळले कसे, यातच खरी गोडी आहे. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या खुणा दिसल्या. हे मूलद्रव्य किरणोत्सारी, चाळीसेक लाख वर्षांत फार तर निम्मे उरते. ताऱ्यांचे वय त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे ते त्या ताऱ्यातच नव्याने तयार होत असले पाहिजे! पुढे फ्रेड हॉईल यांनी सांगितले की तीन हेलियम एकत्र येऊन पुरेसा कार्बन व्हायचा असेल, तर कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. अमेरिकेत कॅलटेकच्या प्रयोगशाळेत शोधली, तर ती सापडली. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल या चौघांनी शंभरावर पानांचा निबंध लिहून सगळा हिशोब मांडला. साध्या जोडणीतून ऊर्जा मिळते ती लोखंडाच्या आसपासपर्यंतच, पुढची बहुतेक जड मूलद्रव्ये न्यूट्रॉन गिळून बनतात. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत अशी जड मूलद्रव्ये बनतात याचा पुरावा ऑगस्ट २०१७ मध्ये मिळाला.

याच हॉईल यांचे शिष्य आपले डॉ. जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, पण बालपण बनारसचे, वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी घर! मे २०२५ मध्ये ते गेले, पण 'आकाशाशी जडले नाते' हे त्यांचे पुस्तक आहे, आणि मुलांनी सुरुवात तेथूनच करावी असे मला वाटते. हॉईल व नारळीकर यांना महास्फोटाचा सिद्धांत पटला नव्हता, हेही मुलांना सांगावे. त्या वादात बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या विरुद्ध गेले, तरी मूलद्रव्यांचे काम टिकले.

एक अडचण आपल्याच मुलांना येते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून ती मला ठाऊक आहे. हिंदीत ज्याला 'परमाणु' म्हणतात त्याला मराठीत 'अणू' म्हणतात, आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला 'रेणू'. हिंदीचे 'तत्व' ते मराठीचे 'मूलद्रव्य'. हे कोणी सांगितले नाही तर हुशार मुलगाही तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो आणि म्हणतो, मराठीत विज्ञान अवघड असते. दोन्ही भाषांतल्या शब्दांचा एक कागद पुस्तकाच्या आत चिकटवला की काम भागते.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे. ग्रंथालयाचा पैसा दरवर्षी गाइड व प्रश्नसंचांत जातो. परीक्षेला ते लागतात, मान्य आहे. पण त्यातला थोडा भाग अशा पुस्तकांसाठी बाजूला ठेवावा. मराठी विश्वकोश तर इंटरनेटवर फुकट वाचता येतो. फाउलर यांचे १९८३ चे नोबेल व्याख्यानही तसेच उपलब्ध आहे. ते इंग्रजीत आहे आणि कठीण आहे, अकरावी-बारावीच्या मुलांनी शिक्षकांजवळ बसून एकेक पान वाचावे. पालकांपैकी ज्यांनी भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकले आहे त्यांनी शनिवारी तासभर दिला तर फार बरे. कोण येऊ शकेल ते कार्यालयात कळवावे.