वैराची वही कोणाच्या हातीं ?

अमेरिकेंत दुपारीं दाखविल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकांस तिकडे ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. साबण विकणाऱ्या कारखानदारांनीं, आपल्या मालाची जाहिरात गृहिणींच्या कानीं पडावी म्हणून, एके काळीं नभोवाणीवर या कथा पोसल्या. त्यावरून हें नांव रूढ झालें. नांवांतच कुचेष्टा असल्यामुळें या कथांविषयीं कोणी गंभीरपणें बोलूं लागला कीं शिष्टजन प्रथम हंसून घेतात. प्रेक्षकांची गत तर याहून वाईट. अमकीनें तमकीचा संसार वीस वर्षांपूर्वीं कसा मोडला, तिनें त्याचा सूड कसा उगविला, आणि दोघींत अधिक अपराधी कोण, याचा खल पत्रांतून, मासिकांतून, मेळाव्यांतून तावातावानें करणारे हे लोक रिकामटेकडे, भोळसट व कलेचे वैरी होत, असा निकाल आपल्याकडीलही पुष्कळ सुशिक्षित मंडळी देऊन मोकळी होतात.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. इतकेंच नव्हे, तर खरी गोष्ट याच्या अगदीं उलट आहे असें आमचें मत आहे. या मालिकांत साहित्य म्हणण्याजोगें जें कांहीं टिकलें आहे, तें या भांडखोर प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीमुळें टिकलें आहे. आणि त्या स्मरणशक्तीचा अवमान करणारे लेखक व निर्मातेच कलेचे खरे अपराधी आहेत.

उपहासाची ही परंपरा जुनी आहे. १९४२ सालीं न्यूयॉर्कच्या लुई बर्ग नांवाच्या मानसरोगवैद्यानें नभोवाणीवरील असल्या कथांवर असा आरोप केला कीं, त्यांच्या श्रवणानें नाडी जलद होते, रक्ताचा दाब वाढतो व श्रोत्या स्त्रियांच्या प्रकृतीस अपाय होतो. पुढें उघडकीस आलें तें असें कीं, वैद्यबुवांनीं तपासलेली नाडी त्यांची स्वतःचीच होती ! दोष दुसऱ्याचा सांगावयाचा व बोट स्वतःच्या नाडीवर ठेवावयाचें, ही निदानपद्धति अद्यापि लोपलेली नाहीं. प्रेक्षक काय बोलतात हें ऐकून न घेतांच त्यांना मूर्ख ठरविणारे आजचे टीकाकार याच वैद्याचे वारसदार होत.

तेव्हां एक प्रत्यक्ष उदाहरणच घेऊं. ‘दि यंग अँड द रेस्टलेस’ ही मालिका विल्यम बेल व ली फिलिप बेल या दांपत्यानें २६ मार्च १९७३ रोजीं सुरू केली. ती आजही चालू आहे. तिच्यांतील कॅथरिन चान्सेलर ही धनाढ्य, एकाकी व मद्यासक्त स्त्री; आणि जिल फॉस्टर ही केशभूषेच्या दुकानांत राबणारी गरीब घरची मुलगी. कॅथरिननें जिलला सोबतीण म्हणून नोकरीस ठेविलें. कॅथरिनचा नवरा फिलिप जिलच्या प्रेमांत पडला व त्यानें घटस्फोट मिळविला. त्याला विमानतळावरून घरीं आणतांना कॅथरिननें मोटार कड्यावरून खालीं लोटली, आणि मृत्युशय्येवर पडलेल्या फिलिपनें जिलशीं लग्न लाविलें. एवढें त्या वैराचें बीज. त्याचा वृक्ष पुढें तीन तपांहून अधिक काळ वाढत राहिला.

आतां या वैरांत दोष कोणाचा ? जिलचा पक्ष घेणारे विचारतात, कीं श्रीमंतीच्या जोरावर एका गरीब मुलीचें लग्न बेकायदेशीर ठरवूं पाहणारीला सहानुभूति कां द्यावी ? कॅथरिनचा पक्ष घेणारे म्हणतात, कीं जिच्या घरचें मीठ खाल्लें तिचाच संसार मोडणारीनें न्यायाची भाषा बोलूं नये. हा वाद बाष्कळ आहे काय ? विश्वासघात मोठा कीं सूड मोठा, दारूच्या धुंदींत झालेल्या कृत्याची जबाबदारी किती, दारिद्र्य ही सबब कोठपर्यंत चालते, हे प्रश्न नीतिशास्त्राचेच आहेत. कर्णाचा पक्ष घेऊन रात्र रात्र वाद घालणारे आमचे आजोबा आणि हे प्रेक्षक यांच्या वादविषयाची प्रत भिन्न असेल. वादाची जात एकच.

शिवाय या वादाला एक असें अंग आहे जें ग्रंथांच्या वाचकाला सहसा अनुभवावयास मिळत नाहीं. कॅथरिनची भूमिका जीन कूपर यांनीं १९७३ पासून २०१३ सालीं मृत्यु येईपर्यंत केली. तिकडे जिलच्या नटी बदलत गेल्या. १९८७ मध्यें जेस वॉल्टन यांच्याकडे ती भूमिका आली. मूळ लेखक बेल १९९८ सालीं लेखनांतून निवृत्त झाले व २००५ सालीं वारले. लेखक बदलले, नटी बदलल्या, निर्माते बदलले. बदलला नाहीं तो समोर बसलेला प्रेक्षक. आईच्या शेजारीं बसून पाहूं लागलेली मुलगी पुढें स्वतःच्या मुलीला मागची कथा सांगूं लागली. वैराची वही लेखकाच्या टेबलावर नसून प्रेक्षकांच्या घरीं होती !

२००३ सालीं या वहीवर शाई ओतण्यांत आली. जिल ही कॅथरिनचीच पोटची, जन्मतःच दुरावलेली मुलगी आहे, असें मालिकेनें एकाएकीं जाहीर केलें. म्हणजे जिच्या पतीशीं जिलनें लग्न केलें ती तिची जन्मदात्री ठरली ! तीस वर्षांचा प्रत्येक प्रसंग एका घोषणेनें उलटापालटा झाला. पुढें २००९ सालीं रक्ताच्या परीक्षेनें तें नातें खोटें ठरविण्यांत आलें. लेखकाला कथा वळविण्याचा अधिकार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. वैर अवश्य संपवावें. परंतु तें पात्रांच्या मनांतून व कृतींतून संपवावें. परीक्षेच्या एका कागदानें आई केलेली दुसऱ्या कागदानें परकी करतां येते, याचाच अर्थ असा कीं पहिल्या कागदाला मुळांतच किंमत नव्हती. आणि नातें रद्द झाल्यावरही दोघींमध्यें जो जिव्हाळा उरला, तो मात्र दोन समर्थ नटींनीं प्रसंगागणिक कमावलेला होता. कमावलेलें कोणतें व लादलेलें कोणतें, हें ज्याला मागचें स्मरतें त्यालाच ओळखतां येतें.

याच मालिकेंतील व्हिक्टर न्यूमन व जॅक ॲबट यांचें वैर १९८० च्या दशकापासून चालू आहे. व्यापार, कौटुंबिक कंपनी, आणि निकी ही दोघांचीही पत्नी झालेली स्त्री, ही त्याचीं कारणें. एकदां समोर व्हिक्टरला हृदयविकाराचा झटका आला असतां जॅकनें मदत बोलावण्यास विलंब लाविला. २०१५ च्या कथानकांत व्हिक्टरनें जॅकच्या जागीं त्याच्यासारखा दिसणारा तोतया आणून बसविला व जॅकवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचीही फसवणूक झाली. क्षणाच्या द्वेषानें झालेली कर्तव्यच्युति अधिक वाईट, कीं थंड डोक्यानें रचलेलें कपट ? लेखक पुढच्या कथेकडे वळला म्हणजे पात्रें सारें विसरतात. प्रेक्षक विसरत नाहीं; ‘मागचा हिशेब कोठें आहे ?’ असें तो विचारतो. यालाच आम्ही टीका म्हणतों.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ज्या कथेला शेवट नाहीं तिच्यांत कलात्मक पूर्णता कोठून येणार ? वैर लांबविण्यांत जाहिरातदाराचा स्वार्थ आहे, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु म्हणूनच प्रेक्षकाच्या स्मरणाची गरज अधिक. व्यापाऱ्याला रोज नवा धक्का हवा असतो. त्या धक्क्याला मागच्या धक्क्याशीं जाब द्यावयास लावणारा दुसरा कोणी तेथें नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, हे लोक पात्र व नट यांतील भेद विसरतात. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ मध्यें लिसाची भूमिका करणाऱ्या आयलीन फुल्टन यांना एका अनोळखी बाईनें रस्त्यांत मारल्याची हकीकत त्यांनींच सांगितली आहे. असल्या वर्तनाचें समर्थन कोण करील ? परंतु चार अविचारी भक्तांवरून देवळाची परीक्षा करणें हा न्याय नव्हे.

आपल्याकडेही घरोघर दैनिक मालिका चालतात. ‘चार दिवस सासूचे’ ही एकटी २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. त्यांची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती करणारीं मंडळी बहुधा त्याच दिवाणखान्यांत बसून त्या पाहत असतात. आमची त्यांस एवढीच विनंति कीं, घरांतील वडीलधारी बाई जेव्हां म्हणते, ‘ही तर मागें असें बोलली होती, आतां कशी फिरली ?’, तेव्हां तिला गप्प करूं नये. तो प्रश्न मालिकेच्या लेखकाला कोणीं तरी विचारलाच पाहिजे. वाचकानें व प्रेक्षकानें विसरावयाचें ठरविलें, कीं लेखकाला कांहींही लिहिण्याची मुभा मिळते. आणि अशी मुभा मिळालेल्या लेखकाकडून चांगलें साहित्य निपजल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.