जांभळाखालची रोपे

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोडधोड लिहा, असा संपादकांचा दरवर्षीचा निरोप असतो. यंदा वाचकांनी मला क्षमा करावी. चकली-करंजीच्या या दिवसांत मी बुरशीवर लिहिणार आहे. फराळाच्या डब्याला लागते ती नव्हे, मातीतली.

चिंचवडला आमच्या घरामागे एक जांभूळ आहे. वडिलांनी लावलेले. आता त्याच्या बुंध्याला पोकळी पडली आहे आणि गेल्या वळवात त्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या मोटारीवर पडता पडता राहिली. तेव्हापासून घरात एकच घोर. झाड जाण्याआधी त्याचे एक तरी पोर तिथे उभे राहावे. हिचा तर हट्टच. "मामंजींच्या हातचं झाड आहे, वंश राहायला नको?"

बी रुजण्याची अडचण नाहीच. पहिल्या पावसानंतर झाडाखाली पाऊल ठेवायला जागा उरत नाही इतकी रोपे उगवतात. श्रावणात ती विरळ होऊ लागतात. जमिनीलगत देठ काळा पडतो, दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. गौरी-गणपतीला मोजायला हाताची बोटे पुरतात. दसऱ्याला तीही लागत नाहीत. चार वर्षे हाच क्रम. सावली, किडे, शेजारचे मांजर, सर्वांवर संशय घेऊन झाला.

उलगडा झाला तो चाकणच्या कांदाबाजारात. तिथल्या ओळखीच्या एका शेतकऱ्यांना हकिगत सांगितली, तर ते हसलेच. "अहो साहेब, ही तर मर. आमच्या कांद्याच्या रोपाला लागती तीच. त्याच वाफ्यात दुसऱ्या साली बी टाकलं का बसलंच खाली. जागा बदला की!"

घरी येऊन पुस्तके काढली. या मरीचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव. भारतात नोकरीला आलेल्या बटलरसाहेबांनी 1907 साली त्याच्यावर मोठा निबंधच लिहिला होता. ओल्या मातीत याचे बीजाणू चक्क पोहत जाऊन कोवळी मुळे गाठतात. देठ एकदा लाकडी झाला की मग त्याचे फारसे चालत नाही.

"एवढंच ना? मग औषध घाला," ही म्हणाली.

आणि औषधासाठी आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना लांब जायला नको होते! 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तो पेनिसिलिनसाठी. पण तिथल्या डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरची औषधेही शोधली. माणसांसाठी हॅमायसिन, ते ज्या जीवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नावच मुळी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! आणि 1964च्या सुमारास पिकांसाठी ऑरिओफंजिन. काट्याने काटा काढावा, तसा एका सूक्ष्म जीवाकडून दुसऱ्याचा बंदोबस्त. गावाच्या नावाचा मला फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तरीही मी औषध घातले नाही. कारण पुढे जे वाचले त्याने मी थबकलो.

1970 साली जॅन्झेन आणि 1971 साली कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. प्रत्येक झाड आपल्या पायाशी आपले खास शत्रू गोळा करते. किडे, बुरशी. तिथे त्याचीच पिले जास्त मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत परक्या जातीचे रोप जीव धरते. म्हणून एकच जात सारे रान बळकावत नाही. कल्पना म्हणून छान, पण पुरावा? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रानटी चेरीखालची माती घेऊन तपासली, तर त्या मातीत चेरीचीच रोपे मरत. तीच माती निर्जंतुक केली की जगत. तिथेही पिथियमच! हे 2000 साली छापून आले. पुढे मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या जंगलात बुरशीनाशक फवारून पाहिले. रोपांमधल्या जातींची विविधता वाढायच्या ऐवजी घटली.

आणि हे सारे साता समुद्रांपलीकडचेच आहे असे नाही. मेघना कृष्णदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पश्चिम घाटातल्या तुकडे पडलेल्या जंगलात असाच प्रयोग केला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. जंगलाच्या आत बुरशी आणि किडे दूर ठेवले की रोपांची विविधता कमी झाली. कडेला मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे कडेला त्यांचा पहारा आधीच ढिला झालेला! भीमाशंकरला जाताना राजगुरुनगरच्या पुढे मी आता प्लॉटांच्या पाट्या पाहतो, तेव्हा किती झाडे गेली एवढेच मनात येत नाही. एका रस्त्याने रानाला दोन नव्या कडा मिळतात, हेही येते.

असो. आषाढात आम्ही जांभळाखालची चौदा रोपे मातीचा गोळा न फोडता उचलली. काही फाटकापाशी लावली, काही नातलगांना दिली, दोन चाकणला त्याच शेतकऱ्यांच्या बांधावर गेली. फाटकापाशी तीन जगली. जांभळाखाली मात्र पाखरांनी टाकलेल्या बियांचे एक भोकर जोमाने उठले आहे. ही आधी नाराज होती. "मामंजींच्या जागी भोकर?" हल्ली सकाळी त्यालाही तांब्याभर पाणी घालते, मी पाहिले आहे, तिला ठाऊक नाही.

परवा चाकणहून फोन आला. दोन्ही रोपांना तांबूस पालवी फुटली आहे आणि बांधावर गुरे येतात म्हणून त्यांनी भोवती बोराटीच्या फांद्या रोवल्या आहेत.